वरची मूठ

लातूर,
३ जुलै २०२५

सिद्धेश्वराची कृपा.

चि. दामिनीस आत्याचा आशीर्वाद.

फोन लावत बसू नकोस. परवा चार वेळा वाजला असं अमरनाथ म्हणाला. मी हल्ली फोनवर बोलत नाही. त्या डबड्यात नुसती खरखर असते. आणि त्यावर लिहायला जावं तर माझी बोटं जाड, एका वेळी तीन अक्षरं उमटतात. सातवीत असताना मास्तरांनी माझं अक्षर सगळ्या वर्गाला दाखवलं होतं. तेव्हा यापुढे पत्र.

बातमी अशी की औसा रोडला एक भलं मोठं दुकान उघडलंय. आत गार हवा, ढकलायच्या गाड्या, भिंतभर धान्याचे पारदर्शक डबे. पण खरी मजा बाहेर पडताना आहे. तिथे बिल करायला माणूसच नाही, मशीन आहे. आपणच आपली वस्तू त्याच्या लाल उजेडासमोर धरायची, शेजारच्या फळीवर ठेवायची, कार्ड टेकवायचं आणि चालू लागायचं. पहिल्या दिवशी मी लांबून बघितलं. दुसऱ्या दिवशी एका कॉलेजच्या मुलीच्या मागे उभी राहून शिकून घेतलं. तिसऱ्या दिवशी स्वतः केलं. आता आठवड्यातून दोनदा जाते.

मला हे मशीन मनापासून आवडलं, दामिनी. ते घाई करत नाही. पिशवी हवी का, फोन नंबर सांगा, सुट्टे आहेत का, असलं काही विचारत नाही. मागचा माणूस उसासे टाकत नाही. मी आपली निवांत.

अमरनाथला यातलं काही कळता कामा नये. घरचं किराणा दुकान सोडून आई दुसऱ्याकडे सामान भरते हे कळलं तर तो जेवायचा नाही. पण मी करू काय? तुझे मामा, म्हणजे अमरनाथचे वडील, गेल्यावर बावीस वर्षं मी त्या गल्ल्यावर बसले. मागच्या दिवाळीत हा म्हणाला, "आई, तू आता घरात बस, आराम कर." आरामाने माझा जीव नकोसा झालाय.

तू तर नांदेडला असल्याच मोठ्या दुकानाच्या ऑफिसात आहेस. तुझा बाप औशात भेटेल त्याला थांबवून सांगत असतो. तुमच्याकडे ही मशीनं अजून कशी नाहीत? तुझ्या साहेबांना सुचव. सोबत बडीशेप आहे, जेवल्यावर खात जा.

तुझी
गुरम्मा आत्या


नांदेड,
९ जुलै २०२५

ती. आत्यास शरणार्थ.

पत्र पोचलं, बडीशेपही पोचली. पंढरी म्हणून आमचे पोस्टमन आहेत. त्यांनी पाकीट हातावर तोलून सांगितलं, "ताई, तिकीट कमी हाय याला. दहा रुपये वरचे पडतात बघा." मी दिले. पुढच्या वेळी पुरेसं तिकीट लाव. आणि माझ्या कागदाच्या आकाराला हसू नकोस, हाताशी हाच होता.

ते मशीन तुला आवडलं हे वाचून मला रागच आला, खरं सांगते. आमच्याकडेही येणार आहेत. चार. बिलाचे सहा काउंटर आहेत, त्यातले दोन राहतील असं मालविका मॅडम म्हणाल्या. त्या आमच्या मॅनेजर. पोळ्यापर्यंत बघणार आणि मग चार काउंटर बंद करणार.

आमच्या तीन नंबरच्या काउंटरवर एक मुलगी आहे, माझ्या चांगल्या ओळखीची. दोन वर्षं झाली तिला. एक आजोबा आहेत, ते चहाचा पुडा आज घेतात आणि उद्या विसरून पुन्हा घ्यायला येतात. ती म्हणते, "आजोबा, कालच नेलात की." ते हसतात आणि पुडा ठेवून जातात. मशीनला काय, दहा पुडे धरले तर दहा वेळा टुंग करेल. एक काकू आहेत, त्या रोज फक्त एक खोडरबर घेतात. त्यांच्या घरात लहान मूल नाही, आत्या. त्यांना कुणाशी तरी दोन वाक्यं बोलायची असतात. ती मुलगी बोलते.

तिची नोकरी गेली तर तिच्या घरचे म्हणतील, झालं ना, आता ये गावाकडे. तिला नाही जायचं. आठ बाय दहाची का असेना, स्वतःच्या पगारावर घेतलेली खोली आहे तिची. खिडकीत तुळस आहे. तेव्हा माझं ऐकायचं असेल तर त्या मशीनसमोर उभी राहू नकोस. रांग असली तरी माणसाकडे जा.

तुझी
दामिनी


लातूर,
१५ जुलै २०२५

चि. दामिनीस आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. लांबलचक म्हणजे कागदच तसा, गुंडाळी सोडत सोडत वाचलं. अमरनाथ म्हणाला, पंचांग आलंय का.

त्या तीन नंबरच्या मुलीबद्दल वाईट वाटलं. कोणाची गं ती? आपल्यातलीच असेल तर मी बोलेन कुणाशी तरी. पण तिच्यासाठी मी मशीन सोडावं हे काही मला पटलं नाही. प्रत्येकाला बोलायलाच हवं असतं असं नाही. काहींना कुणी बोललं नाही तर बरं वाटतं. मी कधीमधी तिथल्या माणसांच्या काउंटरवरही गेले होते. ती पोर मान खाली घालून काहीतरी पुटपुटते, मी "हाव" म्हणते, ती पुन्हा पुटपुटते, मी पुन्हा "हाव" म्हणते, आणि घरी येऊन बघते तर नको असलेल्या शांपूच्या दोन बाटल्या आणि वर्षभराचं सभासदत्व. मशीनने मला अजून काही गळ्यात मारलेलं नाही.

शिवाय मशीनशी माझं चांगलं जमलंय. सुटं धान्य तिथे आपणच तोलायचं असतं. शेंगदाणे पिशवीत भरायचे, काट्यावर ठेवायचे, चिठ्ठी बाहेर येते ती चिकटवायची. मग मी वर एक मूठ टाकते आणि पिशवीला गाठ मारते. आपल्या दुकानात काटा सरळ झाल्यावर वरची मूठ टाकल्याशिवाय तुझ्या मामांनी आयुष्यात कुणाची पिशवी बांधली नाही. वजन गिऱ्हाइकाच्या हक्काचं, वरची मूठ दुकानदाराच्या मनाची, असं ते म्हणायचे. त्या दुकानात टाकायला कुणी उभं नाही, मशीनला हात नाहीत, म्हणून माझी मीच टाकून घेते. त्यांच्या दुकानाचीच अब्रू राहते त्यात.

एकदोनदा फळीवर पिशवी ठेवली तर लाल दिवा लागला होता. मग एक बाई आली, तिने कसलंसं कार्ड दाखवलं, दिवा हिरवा झाला. आम्ही दोघी हसलो. लोक उगीच घाबरतात मशीनला.

बडीशेप पाठवत आहे.

गुरम्मा आत्या


नांदेड,
२० जुलै २०२५

आत्या,

घाईत लिहिते. ती वरची मूठ ताबडतोब बंद कर.

त्या फळीखाली काटा असतो. चिठ्ठीवर अर्धा किलो आणि फळीवर साडेपाचशे ग्रॅम भरले की मशीन समजतं, आत न दाखवलेली वस्तू आहे. त्याला मामा माहीत नाहीत. त्याच्या हिशेबी ही चोरी आहे. आमच्याकडे मशीनं बसली त्या दिवशी पहिलं प्रशिक्षण याचंच झालं. लाल दिवा लागला की ते तोंडानेही सांगतं, "कृपया थांबा". तुला ऐकू कसं आलं नाही?

माझं पुढचं पत्र मिळेपर्यंत त्या दुकानात जाऊ नकोस. मी अमरनाथदादाला फोन करणार होते, पण तू शपथ घातल्यासारखं लिहिलंयस.

पंढरीकाकांना पुन्हा दहा रुपये दिले.

दामिनी


लातूर,
२१ जुलै २०२५

चि. दामिनी,

तुझं पत्र यायच्या आधीच मी हे लिहीत आहे, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

काल रविवार होता, गर्दी होती. मी शेंगदाणे आणि हरभरा डाळ घेतली. दोन्हींवर मूठ टाकली. फळीवर ठेवल्यावर लाल दिवा लागला. ती नेहमीची बाई दिसली नाही. मी थोडी थांबले. मग कार्ड टेकवलं, पैसे नेहमीसारखेच गेले असतील असं मला वाटलं आणि मी पिशवी उचलून निघाले. दारापाशी एकाने मागून येऊन पिशवी धरली. बसवंत नाव होतं छातीवरच्या पट्टीवर. चांगला उंचापुरा, मिशीवाला. त्याचे ओठ हलत होते. मागून तो केव्हापासून हाका मारत होता म्हणे. सगळं दुकान थांबून बघत होतं आणि मी एकटी चालत होते.

त्यांनी सगळं सामान टेबलावर काढलं. पिशव्या तोलल्या. दोन्हींत जास्त. मी सांगितलं, अहो, ती वरची मूठ आहे. ते एकमेकांकडे बघायला लागले. आपल्या गोलाईच्या बाजारातले दोन व्यापारी तिथेच होते. एकाने मला ओळखलं आणि मान फिरवली. मान फिरवली याचं मला जास्त लागलं, पिशवी धरल्याचं नाही. मग अमरनाथला बोलावलं.

तो आला, पैसे भरले, हात जोडले. गाडीवर बसल्यावर काहीच बोलला नाही, किंवा बोलला असेल.

आता ऐक. मला ऐकू येत नाही, दामिनी. फोन बिघडलेला नाही. दोन वर्षं होत आली. आधी एक कान, मग दुसरा. गल्ल्यावर बसून मी एकाला एक देत होते, दुसऱ्याला भलतंच. लोक ओरडून बोलायचे तर मला वाटायचं भांडतायत. अमरनाथने मला म्हातारी झाले म्हणून उठवलं असं मी सगळ्यांना सांगितलं, पण त्याला वाटलं होतं माझी बुद्धी चळायला लागलीय. मी ते वाटू दिलं. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा ते मला बरं वाटलं, इतकी मी वेडी.

म्हणून ते मशीन आवडलं होतं. जगात तेवढं एकच असं मिळालं की ज्याच्यासमोर मला कुणी "काय?" म्हणायला लावत नव्हतं. आणि त्यानेच मला चोर ठरवलं.

तुझी ती तीन नंबरची मुलगी असती तर तिने काय केलं असतं, एवढं मला कळव. आज बडीशेप टाकायचं मन नाही.

गुरम्मा


नांदेड,
२६ जुलै २०२५

माझी आत्या,

तीन नंबरची मुलगी मीच आहे.

ऑफिस वगैरे काही नाही. दोन वर्षं मी काउंटरवर बसते, हिरवा एप्रन घालून. बाबांना "बिलिंग विभाग" असं सांगितलं, त्यांनी त्याचं ऑफिस केलं, मी ते राहू दिलं. आपल्या घरातलं माणूस दुसऱ्याच्या गल्ल्यावर बसत नाही, असं तू शिवकन्याताईच्या लग्नात पंगतीत बसून सांगत होतीस. मी समोर वाढत होते. त्याच महिन्यात मला ही नोकरी लागली होती. हातातली बुंदी सांडली होती माझ्या, आठवतं का.

आता तू विचारलंस त्याचं उत्तर. तू माझ्यासमोर आली असतीस तर तुला ऐकू येत नाही हे मला दुसऱ्याच वाक्याला कळलं असतं. माझ्याकडे असे पाचसहा जण येतात. ते कुणी सांगत नाहीत, सगळे तुझ्यासारखेच "हाव" म्हणतात. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवते. बोटाने आकडा दाखवते. तोंडाकडे बघून सावकाश बोलते, आणि तरी कळलं नाही तर बिलाच्या कोऱ्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहून देते. शेंगदाण्याच्या पिशवीत पन्नास ग्रॅम जास्त निघाले असते तर मी तुझ्याकडे बघितलं असतं, पुन्हा तोलून नवी चिठ्ठी लावली असती आणि लिहिलं असतं, "आजी, इथे मूठ टाकत नाहीत." तू रागावली असतीस. पण तुझी पिशवी कुणी धरली नसती.

मला तुझा राग आला होता ना मशीनवरून, तो सगळा गेला. मी फक्त माझी खुर्ची बघत होते. कुणाला ते मशीन का हवं असेल, याचा मी विचारच केला नव्हता.

अमरनाथदादाला कानाचं सांग. माझी शपथ. बुद्धीला काही झालेलं नाही हे कळलं तर तो रडेल बघ.

आमच्याकडची गोष्ट काही बरी नाही. लोक मशीनकडे पळतात. माझ्या रांगेत काल दिवसभरात चाळीस जण. पाच नंबरवरची पुनम मुदखेडहून रोज गाडीने येते, तिच्याकडे बावीस. आम्ही दोघी डबा खाताना बोलत नाही आता.

तुझी खोटारडी
दामिनी


लातूर,
१ ऑगस्ट २०२५

चि. दामिनीस आशीर्वाद.

मला माहीत होतं. पहिल्याच पत्राला. ऑफिसात कोरे कागद असतात, बाई. बिलाच्या पट्टीवर चार बोटं रुंदीचं पत्र काउंटरवालीच लिहिते. मी बावीस वर्षं गल्ल्यावर काढली, मलाच फसवायला निघालीस. "कोणाची गं ती?" असं मुद्दाम विचारलं होतं, तू कबूल होतेस का बघायला. तू काही बधली नाहीस, तेव्हा आपल्याच घरची हे पक्कं झालं.

ते पंगतीतलं बोलणं मी बोलले होते. मोठ्याने बोलले होते, आणि चार बायकांनी माना डोलावल्या म्हणून आणखी एकदा बोलले. ते चुकलं माझं. दुसऱ्याचा असो की आपला, गल्ल्यावर बसणं म्हणजे समोरच्याकडे बघणं, आणि तू ते माझ्यापेक्षा बरं करतेस असं दिसतंय.

अमरनाथला सांगितलं. एका कागदावर लिहिलं, "मला ऐकू येत नाही, बाकी सगळं कळतं," आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. तू म्हणालीस तसंच झालं. भाकरी तशीच राहिली. मग त्याने त्याच कागदावर खाली लिहिलं, "आई, आधी का नाही सांगितलं." मी लिहिलं, "आधी विचारलंस का." मग दोघंही रडलो. सून कागद मागत होती, तिला दिला नाही. कानाच्या डॉक्टरची तारीख महिनाअखेरची मिळाली.

मी नांदेडला येत आहे. बारा तारखेच्या सकाळच्या बसने. अमरनाथ स्टँडवर बसवून देईल, तू उतरवून घे. मला तुझ्या काउंटरवर सामान घ्यायचंय. शांपू देऊ नकोस.

बडीशेप आहे.

गुरम्मा आत्या


नांदेड,
२४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास शरणार्थ.

परवा पोळा झाला आणि काल निकाल लागला. पण तो शेवटी सांगते. आधी तू आलीस त्या दिवशीचं सांगते, कारण त्यातलं अर्धं तुला ऐकूच आलेलं नाही.

तू गाडीत सामान भरून माझ्या रांगेत उभी राहिलीस. तुझ्यापुढे ते चहावाले आजोबा होते. तुझी पाळी आली तेव्हा मी तुला ओळख दाखवायची नाही असं आपलं ठरलं होतं, आणि तू मोठ्याने म्हणालीस, "वाळलीस गं." आत्या, तू हळू बोलतेस असं तुला वाटतं. ते भाजीपर्यंत ऐकू गेलं.

मी स्क्रीन फिरवला. तू एकेक ओळ बोट लावून वाचत होतीस. मागचा एक माणूस म्हणाला, "आजी, उरका की लवकर." हे तुला कळलं नाही. त्याच्या मागची बाई त्याला म्हणाली, "अहो, घाई असंल तर तिकडं जा ना मशीनकडं. हितं आम्ही सावकाशच येऊन राहिलो." तो गेला खरंच मशीनकडे. बाई होत्या त्या खोडरबरवाल्या काकू.

मग तू बिल हातात घेऊन, मला न विचारता, थेट मालविका मॅडमच्या टेबलाशी गेलीस. त्यापुढचं तू बोललीस ते तुला माहीत आहे, पण कसं बोललीस ते तुला माहीत नाही. सगळी मशीनं टुंग करायची थांबली होती. तू म्हणालीस, "पोरी, तुझं मशीन लई चांगलं हाय. मी लातूरला वापरते. पन ते लाल झालं की काय म्हनून राहिलंय, ते मला कळत न्हाई. मला ऐकू येत न्हाई. त्यानं थांब म्हनलं, मी थांबले न्हाई, तर मला चोर ठरवलं लोकांनी. मशीन ठेव तू. पन मशीनीपाशी तोंडाकडं बघून बोलनारं मानूस ठेव. आन उभं ठेवू नको त्याला, खुर्ची दे. उभं मानूस पळायच्याच इचारात असतं."

मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही कोणाबरोबर आलात?" तुला वाटलं त्या पाणी विचारतायत, आणि तू "नको" म्हणालीस. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काउंटरवर बसून रडत होते, आणि काकू माझ्यासमोर खोडरबर धरून उभ्या होत्या.

दोन वर्षं जे तू पोटच्या मुलाला सांगितलं नाहीस, ते भर दुकानात ओरडून सांगितलंस. माझ्यासाठी. मला हे कुठे ठेवू कळत नाही.

आता निकाल. काउंटर एक आणि सहा राहिले. तीन बंद. पण मशीनच्या समोर एक टेबल आणि खुर्ची टाकलीय, त्यावर एक स्क्रीन आहे जो फिरतो, आणि मी तिथे बसते. ज्यांना मशीन हवं त्यांनी मशीन घ्यावं, दिवा लाल झाला की मी आधी माणसाच्या तोंडाकडे बघते आणि मग पिशवीकडे. ज्यांना मशीन नको ते सरळ माझ्याकडे येतात, त्यांचं बिल मी करते. मॅडम म्हणाल्या, मुख्य कार्यालयाला त्यांनी काय लिहून पाठवलं ते विचारू नकोस. जुन्या काउंटरवरची "३" ची पाटी मी मागून घेतली, ती टेबलावर लावलीय.

पुनमचं गेलं. कालचा तिचा शेवटचा दिवस होता. मुदखेडलाच औषधांच्या दुकानात लागेल म्हणते, पगार कमी आहे. तिने माझ्या खुर्चीवर एकदा बसून बघितलं आणि म्हणाली, "छान हाय गं." माझी खुर्ची राहिली याचा आनंद मला अजून पुरता होत नाही.

बाबांना पुढच्या रविवारी औशाला जाऊन सगळं सांगणार आहे, एप्रनसकट.

दामिनी


लातूर,
६ सप्टेंबर २०२५

चि. दामिनीस आशीर्वाद.

पुनमला माझा निरोप दे की गुरम्मा आत्याने लातूरला बोलावलंय, चार दिवस राहायला. नोकरी माझ्या हातात नाही, पण शेंगापोळी आहे.

तुझा बाप येऊन गेला. म्हणाला, पोरगी मशीनवरची साहेब झालीय. एप्रन बघूनसुद्धा त्याचं ऑफिसच चाललंय. एवढं त्याला राहू दे.

माझ्या कानात आता मशीन आहे, बघ. मशीनच्या विरोधात बोलायची सोयच राहिली नाही. ते घातल्यावर पहिलं काय ऐकलं असेल तर अमरनाथ गिऱ्हाइकांवर ओरडतोय. मला वाटलं भांडण झालं. तर तो साखरेचा भाव सांगत होता. दोन वर्षं माझ्याशी ओरडून बोलून त्याला सवयच लागलीय. आता त्याला हळू बोलायला शिकवावं लागणार.

औसा रोडच्या दुकानातही जाऊन आले. मुद्दाम गेले, इरकलचं लुगडं नेसून. शेंगदाणे तोलले, चिठ्ठी लावली, हात मागे बांधले आणि पिशवीला गाठ मारली. हाताला इतकं चुकल्यासारखं झालं की काय सांगू. मशीन हिरवंगार. त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, बाईचा आवाज आहे, चांगला मऊ. दारात बसवंतने वाट अडवली. मी म्हटलं, आता काय? तर तो म्हणाला, "मावशी, त्या दिवशीचं मनावर घेऊ नका. माझी माय पन असंच वर टाकून घेते सगळीकडं." त्याने मला रिक्षापर्यंत पोचवलं.

पण मी आता तिथे फारशी जाणार नाही. वेळ नाही मला. अमरनाथने दुकानात काट्याशेजारी स्टूल टाकलंय. तोलतो तो, पैसे घेतो तो. मी फक्त वरची मूठ टाकते. त्याच्या बापाच्या माघारी ती कधी चिमटीवर आली होती, मला कळलंच नव्हतं. आता पुन्हा मूठ झाली. गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसतं, मी त्याच्याकडे बघून हसते.

फोन आता ऐकू येईल. पण तू करू नकोस, लिही. पट्टीवरच लिही. सोबत बडीशेप आहे.

गुरम्मा आत्या


नांदेड,
१२ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास शरणार्थ.

पुनम येतेय तुझ्याकडे, पुढच्या शनिवारी. शेंगापोळी म्हटल्यावर हसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

पंढरीकाका आज तुझं पाकीट घेऊन थेट दुकानात आले, माझ्या टेबलाशी. मागे दोन गिऱ्हाइकं होती. ते म्हणाले, "ताई, चौथी खेप हाय ही. तुमच्या आत्याला तिकिटाचं गनित समजत न्हाई का? दर वेळेस वजन तेवढंच जास्त भरून राहिलंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्या, तू पोस्टात पाकीट तोलून घेतेस, तिकीट लावतेस आणि मग बडीशेप टाकून तोंड बंद करतेस. हो ना? जुलैतल्या त्या एका पत्रात बडीशेप नव्हती, तेव्हा काकांनी काहीच घेतलं नव्हतं.

मी काकांना म्हटलं, "समजतं तिला. ती तोलून झाल्यावर टाकते."

त्यांनी पाकीट पुन्हा एकदा हातावर तोललं. मग म्हणाले, "अस्सं हाय का. मग पोचवायलाच पायजे." आणि दहा रुपये घेऊन गेले, कारण नियम आहे.

मी पहिल्या पत्रात तुला लिहिलं होतं, पुरेसं तिकीट लाव म्हणून. ते खोडून टाक. तिकीट कमीच लाव.

तुझी
दामिनी